लोखंड गार होईपर्यंत

चैत्र लागला की आमच्या भागातली माणसं तारखा विसरतात. लग्न, सोयरीक, कांदा काढणं, उधार मागणं, सगळं अमक्या गावच्या यात्रेच्या आधी नाहीतर तमक्या यात्रेच्या नंतर. पुणे-नाशिक रस्त्याला कळंबमध्ये माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. समोरच्या खांबावर बैलगाडा शर्यतीचे फ्लेक्स चढले की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. या वर्षीचेही चढलेत. बैलांचे फोटो मोठे आणि बैलांच्या मालकांचे त्याहून मोठे. एका फ्लेक्सचा कोपरा वाऱ्यानं सुटलाय, तो दिवसभर फडफडतो. शेडात दुसरा आवाज नाही.

या दिवसांत मला काम नसतं. ट्रॉलीची डागडुजी, कांदाचाळीचे सांगाडे, बैलगाड्यांचे साटे, ज्याला जे पाहिजे ते तो यात्रेआधी नेतो. मग गिऱ्हाईक थेट सगळं आटोपल्यावर. पत्रा तापतो आणि वरच्यावर टकटक करतो. रस्त्यानं पिकअप जातात, मागे बैल उभे, हौद्यात भंडारा सांडलेला, पोरांचे चेहरे पिवळे. कुठल्यातरी घाटातला लाऊडस्पीकर वाऱ्याच्या झोताबरोबर येतो आणि झोताबरोबरच जातो. घाट म्हणजे आमच्याकडे शर्यतीचा चढ. लांबून 'भिर्रर्र' एवढंच ऐकू येतं. गाडा कुणाचा, पहिला आला की नाही, ते कळत नाही.

अशा वेळी माझी नजर शेडाच्या मागच्या कोपऱ्याकडे जाते. तिथे छातीएवढी एक लोखंडी चौकट उभी आहे. दोन जाड चॅनेल, वर दोन रोलर, खाली ट्रकचा हायड्रॉलिक जॅक, जॅकच्या डोक्यावर गोल तोंडाचा प्लंजर. बाहेरचा माणूस आला की हटकून विचारतो, "उसाचा रस काढता का हो यात?" मी म्हणतो, "हो, लोखंडाचा."

ते मशीन वेल्डिंगची परीक्षा घेतं. दोन प्लेटा एकमेकींना जोडायच्या, जोडाच्या आडव्या पट्ट्या कापायच्या, पट्टी रोलरखाली ठेवून खालून प्लंजर दाबायचा. पट्टी वर उचलत जाते आणि शेवटी घोड्याच्या नालासारखी दुमडते. जोड बरोबर मधे, वळणाच्या माथ्यावर. तिथं चीर पडली आणि ती तीन मिलिमीटरहून मोठी निघाली की वेल्डर नापास. तीन मिलिमीटर म्हणजे गव्हाचा दाणा आडवा धरला तर जेवढा, तेवढं. तेवढ्यावर माणूस कुठे जाणार आणि कुठे राहणार, ते ठरतं.

मी बोरी बुद्रुकचा. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवूनही सांगत नाही. मिरवून नाही असं म्हटलं खरं, पण थोडं मिरवूनच सांगतो. ज्या घरात दहावीच्या पुढचं पुस्तक कुणी हातात धरलं नव्हतं, त्या घरात मी मेकॅनिकलची ड्रॉइंग पसरून बसायचो आणि आई त्यावरून पाय पडू नये म्हणून भिंतीला घासून चालायची. पुढं चाकणला एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात होतो. तिथलं काम बंद झालं तसा परत आलो आणि हे शेड टाकलं. वडील बघायला आले. वेल्डिंगचा उजेड बघून डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "लोखंडच बडवायचं व्हतं तर..." पुढचं मला पाठ आहे.

म्हणून यात्रेला मी घरी थांबत नाही. सकाळी देवाला जाऊन येतो आणि मोटारसायकल काढतो. घरी पाहुण्यांचा राबता. पाटावर बसलेला प्रत्येक पाहुणा पोळीचा घास मोडता मोडता विचारतो, "मग इंजिनेर, परत कवा जायाचं कंपनीत?" दुसरा विचारतो, "पोरगी बघितली का न्हाई अजून?" तिसरा उत्तराची वाट न बघता आमटी मागतो. चुलत्यांचे पाहुणे, आत्याचे पाहुणे, वडिलांचे मित्र. एवढ्या गर्दीत माझा म्हणून आलेला एकही नसतो.

शेडात मात्र एक होता. रोहिदास.

रोहिदास डिंभ्याच्या पलीकडचा, धरणाच्या पाण्याच्या कडेला डोंगरात त्याची वाडी. भात निघालं की वर्षाचं काम संपलं. मग थोडी नागली-वरई आणि धरणातली मासेमारी. एसटी आली तर आली. त्यामुळे तो आठवडाभर शेडातच राहायचा आणि शनिवारी जमेल त्या गाडीला लटकून बायको-मुलीकडे जायचा. हात चांगला होता आणि तोंड हातापेक्षा चालू. गेटाचा कोपरा जोडून झाला की चार पावलं मागे सरून स्वतःच बघायचा. "बघा राव इंजिनेर, ही शिवण. मुंगी चालली तरी अडखळायची न्हाई."

मी म्हणायचो, "मुंगीला काय, आपल्याला ट्रॉली चालवायचीय."

"तुमाला कवा कौतुक करायला शिकवलंच न्हाई का कालेजात?"

दोन वर्षं ही अशीच जुगलबंदी. दुपारी एका डब्यात दोघं जेवायचो, कारण त्याचा डबा नसायचा आणि आई माझ्या डब्यात पुढं पुढं न विचारता चार भाकरी घालायची.

गुजरातेत समुद्राच्या कडेला मोठमोठ्या टाक्या बांधायचं काम निघालं होतं. मंचरचा एक ठेकेदार इथून वेल्डर न्यायचा, पण बेंड टेस्ट, म्हणजे हीच पट्टी वाकवायची परीक्षा, पास झालेलेच. रोहिदास दोनदा पुण्याजवळच्या एका लॅबमध्ये जाऊन आला आणि दोन्ही वेळा पट्टी फुटली. ठेकेदारानं स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा बघतो, मग नाव खोडतो. त्या दिवशी तो आला तो क्रेट उलटा करून बसला. टोमॅटोचा प्लॅस्टिकचा क्रेट, आमच्या शेडातली खुर्ची तीच.

"वरून तर लई भारी दिसत व्हती," तो म्हणाला. "तिथला सायेब बी म्हनला, छान हाय. मंग दाबली. मंग फाटली."

"का फाटली ते सांगितलं का?"

"फेल म्हनला. का फेल, त्ये सांगायचं त्याचं काम न्हाई म्हनला."

मग म्हणाला, "धरनाचं पानी आमच्या दारात, आन हंडा आमच्या बायकांच्या डोक्यावर. किती वर्सं बघायचं? पोरीला मंचरला ठिवायचीय शाळंला. हितं ऱ्हाऊन न्हाई व्हत त्ये."

मी म्हटलं, "आपण इथंच मशीन बनवू. तिथं जाऊन फेल व्हायच्या आधी इथं फेल हो."

"ह्यो इंजिनेर लई गोड बोलतो," तो म्हणाला. पण उठला.

तो चैत्र मला वासांसकट आठवतो. कापलेल्या चॅनेलचा जळका वास, समोरच्या शेतात काढून टाकलेल्या कांद्याच्या पातीचा, आणि जॅकमधून गळणाऱ्या तेलाचा. चॅनेल जुन्या शेडाचे, जॅक भंगारातला. त्याचं वॉशर बदललं तरी तो थोडा रडायचाच. प्लंजर एका मोडक्या ट्रकच्या अ‍ॅक्सलमधून काढला आणि मंचरच्या लेथवर त्याचं तोंड पट्टीच्या जाडीच्या चौपट व्यासाला गोल करून घेतलं. दोन रोलरांमधलं अंतर महत्त्वाचं. कमी ठेवलं तर पट्टी अडकते, जास्त ठेवलं तर जोड सोडून भलतीकडेच वाकते. ते मी कॉलेजच्या वहीतून नव्हे, डोक्यातून काढलं आणि व्हर्नियर लावून पुन्हापुन्हा बघितलं. तेव्हा रोहिदास म्हणाला, "सोयरीक जुळवताय का अंतर बघताय?" त्या कामात मला जो आनंद झाला, तो चाकणच्या एसी केबिनमध्ये कधी झाला नव्हता. शिकलेलं असं हाताला लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मशीन करताना एक गोष्ट ठरवली नाही, आपोआप झाली. समोरच्या बाजूला चौकट ताणली जाऊ नये म्हणून जाड प्लेट मारली. त्यामुळे पट्टीचा माथा समोरून दिसत नाही, मागून दिसतो. आणि जॅकचा दांडा समोर. म्हणजे एकानं समोर उकिडवं बसून दांडा मारायचा आणि दुसऱ्यानं मागे क्रेटवर उभं राहून बघायचं. जॅक चार बोल्टांनी आवळून टाकला. तो असाच का बसवला, हा प्रश्न मला पडला नाही. दोघं होतो, दोघांपुरतं केलं.

मी दांडा मारायचो आणि विचारायचो, "काय दिसतंय?"

मागून आवाज यायचा, "अजून काय न्हाई. हाना."

पहिली पट्टी निम्म्यात 'टक्' करून बोलली. आवाज बारीक, सुपारी फोडल्यासारखा. मी दांडा सोडला. मागून तो म्हणाला, "फाटली." दुसरी फाटली. तिसरी फाटली. मी रोलर तपासले, प्लंजर तपासला, ग्राइंडरचे ओरखडे पट्टीच्या लांबीनंच आहेत ना ते भिंग लावून बघितलं. बाजारातून वेल्डिंगचा दुसरा रॉड आणला. पट्टी फाटायची ती फाटलीच. घाटातला लाऊडस्पीकर तिकडे कुणाचा तरी गाडा उडवत होता, आणि इकडे आम्ही दोघं एका फाटलेल्या पट्टीकडे बघत होतो, दशक्रियेला बसल्यासारखे.

मग एका दुपारी मी नुसता बसून होतो. रोहिदासनं प्लेट जोडली, सांडशीनं उचलली, आणि छर्रर्र करून पाण्याच्या बादलीत बुडवली.

दोन वर्षं तो आवाज मी रोज ऐकत होतो. आमच्या भागातल्या कुठल्याही शेडात जा, तो आवाज असतोच. शेतकरी ट्रॅक्टर चालूच ठेवून उभा असतो, नांगराचा फाळ जोडून पाहिजे आणि आत्ताच पाहिजे. गरम फाळ हातात देता येत नाही. मग बादली. प्रत्येक वेल्डरच्या हाताला ती खोड लागते, उस्तादाकडून चेल्याकडे जाते. कुणी ती शिकवत नाही आणि कुणी ती बघतही नाही. मीही बघितली नव्हती. फाळाला कुणी वाकवून बघत नाही, म्हणून ती खपून जाते.

"रोहिदास," मी म्हटलं, "लॅबमध्ये पण बुडवली होती का?"

"तिथं बादली नव्हती. नळाखाली धरली. का?"

"पाण्यात घालायची नाही."

"आरं मंग गार कवा व्हायची?"

"तिची ती होईल तेव्हा."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला कांदा उकिरड्यावर टाकायला सांगतोय. "आन तवर आपुन काय करायचं?"

"बसायचं."

आणि आम्ही बसलो. एक थर मारायचा, बसायचं. दुसरा मारायचा, बसायचं. गरम लोखंडाला घाईनं थंड केलं की ते आतून ताठ होतं, आणि मग वाकायच्या वेळी त्याला वाकता येत नाही. पुस्तकात हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. पण लोखंड गार होईपर्यंत शेजारी बसून राहायचं म्हणजे काय, ते त्या चैत्रात कळलं. गिऱ्हाईक नाही, घाई नाही, प्लेट विटेवर ठेवलेली, तिचा लाल रंग जाऊन करडा होतोय, आणि आम्ही दोघं क्रेटवर. माझ्या आयुष्यात कुणाशी एवढं बोलणं झालेलं नाही. बोलण्यासारखं फार काही नव्हतं, म्हणून झालं असेल.

त्यानं मला धरणात बुडालेल्या त्याच्या आज्याच्या गावाचं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या उंबऱ्याचे दगड वर येतात, आज्जी होती तोवर त्यावर जाऊन बसायची. मी त्याला आमच्या बोरीच्या नदीकाठच्या राखेचं सांगितलं. फार जुन्या काळी कुठल्या लांबच्या बेटावर ज्वालामुखी फुटला, त्याची राख उडत उडत येऊन आमच्या कुकडीच्या काठावर पडली, आणि अजून शिकलेली माणसं ती बघायला येतात.

रोहिदासनं विचार केला. "मंजी ती बी पावनीच म्हना की. लई दिस ऱ्हायली."

"हो. आणि पोळी-आमटी पण मागत नाही."

त्यावर तो इतका हसला की समोरचा टपरीवाला डोकावून गेला. हसता हसताच मी म्हणून टाकलं, "या वर्षी आमच्या यात्रेला ये. जेवायला. माझा पाहुणा म्हणून."

तो लगेच म्हणाला, "येतो की! मटान का पुरान?"

"दोन्ही."

आईला सांगितलं तर ती दोनदा म्हणाली, "तुझा पावना?" आणि नवीन ताट घासून ठेवलं.

ती पट्टी वाकली त्या दिवशी वारा पडला होता. मी दांडा मारत होतो. "काय दिसतंय?" "काय न्हाई, हाना." पुन्हा. "काय न्हाई." दांडा जड झाला, मग हलका झाला. पट्टी रोलरांमधून पुरी वर गेली होती. टक् झालं नव्हतं. मला समोरून दिसत काही नव्हतं, नुसती जाड प्लेट. आणि पलीकडून रोहिदास घाटातल्या निवेदकाच्या आवाजात ओरडला, "झाली, झाली, झाली... भिर्रर्रर्र!" क्रेट पालथा पाडून तो खाली उतरला, पट्टी गरम नसतानाही सांडशीनं धरून माझ्यासमोर आणली. माथ्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. केसाएवढी चीर नाही. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलोही. आणि ओरडता ओरडताच लक्षात आलं. आता हा जाणार.

त्यानं आणखी पट्ट्या वाकवल्या, सगळ्या न फाटता दुमडल्या. मग लॅबला गेला. मी शेडात होतो. फोन आला तेव्हा पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता. "वाकली राव! नुसती वाकली! सायेब म्हनला, कुठं शिकला? मी म्हनलो, कळंबच्या कालेजात."

त्यापुढचं लवकर उरकलं. ठेकेदाराची जीप निघायचा दिवस आणि आमच्या यात्रेचा दिवस एकच निघाला. बोलून काय करणार, जीप काही माझ्या बापाची नव्हती. सकाळी आईनं पोळ्या केल्या, घासलेल्या ताटाकडे एकदा बघितलं आणि पोळ्या कापडात बांधून माझ्या हातात दिल्या. कळंबच्या फाट्यावर जीप थांबली होती, आत आठ-दहा जण कोंबलेले. रोहिदास खिडकीतून अर्धा बाहेर. गाठोडं घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "फुडच्या वर्सी येतो. ताट ऱ्हाऊ द्या मांडून."

आदल्या संध्याकाळी त्यानं ती पहिली न फाटलेली पट्टी शटरला उभी जोडून दिली होती, कडी म्हणून. "रोज धरशीला तवा आठवन ऱ्हाईल." पाण्यात न बुडवता जोडली. ती गार होईपर्यंत आम्ही बसलो. बिबट्याची भीती म्हणून अंधारायच्या आत शेड बंद करायचं असतं. तरी बसलो.

ही गोष्ट तीन चैत्रांपूर्वीची. त्याची पोरगी आता मंचरला शाळेत आहे, मावशीकडे राहते. तो दिवाळीला दोन दिवस येतो, वाडीवर जाऊन त्याच वाटेनं परत जातो. कधीकधी व्हिडिओवर बोलतो. मागे भलीमोठी टाकी आणि तिच्यामागे पांढरं आभाळ. परवा म्हणाला, "हितं टेस्टला मशीन लई भारी हाय. बटन दाबलं की वाकतीया. कुनी बसत न्हाई, कुनी बघत न्हाई. एसीत हाय." मी विचारलं, "यात्रेला येतोस का?" तर आवाज अडकला, चित्र थांबलं. त्याचा हसरा चेहरा कितीतरी वेळ तसाच थिजून राहिला. मग फोन पुन्हा लागला तेव्हा म्हणाला, "सुट्टी न्हाई, इंजिनेर. फुडच्या वर्सी."

त्याच्यानंतर वेल्डर आले आणि गेले. शिकतात, चाकणला जातात. त्यांचं चुकत नाही. मीही गेलोच होतो. शेवटी वेल्डिंग मीच करायला लागलो. वडील आता उजेड बघून डोळे झाकत नाहीत, पाठ करून बसतात आणि कांद्याचं बोलतात. माझी शिवण रोहिदाससारखी नाही. मुंगी अडखळेल. पण यात्रांच्या दिवसांत काम नसलं की मी दोन प्लेटा घेतो, जोडतो, विटेवर ठेवतो आणि क्रेटवर बसतो. बादली मी शेडातून काढूनच टाकलीय. गिऱ्हाईक कुरकुरतं, "आमाला कुठं लग्नाला जायाचंय का त्यो फाळ घिऊन?" मी म्हणतो, "बसा थोडं." बसत नाही कुणी. टपरीवर जातात.

आजही जोडली. गार झाली, पट्टी कापली, घासली. मशीनसमोर उकिडवा बसलो आणि दांडा मारला. थोडा मारायचा, मग उठायचं, चौकटीला वळसा घालून मागे जायचं, क्रेटवर चढायचं, माथा बघायचा, उतरायचं, पुन्हा समोर येऊन बसायचं. गुडघे बोलतात आता.

खरं तर हे सगळं करायची गरज नाही. चार बोल्ट सोडले आणि जॅक अर्धा फिरवला, की दांडा मागच्या बाजूला येईल. मग एकाच जागी उभं राहून मारता येईल आणि बघताही येईल. चहा होईपर्यंतचं काम आहे. मी इंजिनिअर आहे, मला ते कळतं. चोवीसचा पाना मशीनच्या कडेलाच खिळ्याला अडकवलेला आहे. मागच्या यात्रेला मी तो काढला होता. एक बोल्ट सैल केला. आणि पुन्हा आवळून ठेवला.

लांब कुठल्यातरी घाटात गाडा सुटला असावा. वाऱ्यावर 'झाली, झाली' आलं आणि विरलं. माझ्या हातात दांडा होता. जड झाला होता, अजून हलका व्हायचा होता. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "काय दिसतंय?"

उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी थांबलो. मग उठलो आणि बघायला मागे गेलो.